अकरा नंबरचा शेरा

"ही ओळ कुणी लिहिली?" लिस्वानिसोंनी विचारलं.

ते माझ्या टेबलासमोर टोपी काखेत धरून उभे होते. हातात माझा अहवाल होता आणि बोट तिसऱ्या ओळीवर होतं. कागदाला काजळी लागू नये म्हणून त्यांनी बोटाखाली रुमालाचं टोक धरलं होतं.

"कुठली ओळ?" मी म्हणालो. कुठली ते मला चांगलं ठाऊक होतं.

"'देखभाल अपुरी असल्यामुळे बॉयलर वापरण्यास अयोग्य.' ही." मिशनच्या शाळेत शिकलेलं इंग्रजी ते सावकाश, एकही शब्द न गिळता बोलत.

"अहो, ती छापीलच असते. रद्द करायच्या प्रत्येक बॉयलरच्या फॉर्मवर असते. मी फक्त नंबर आणि तारीख घातली आहे. तुम्ही खाली सही करा, म्हणजे झालं."

त्यांनी सही केली नाही. कागद मात्र हळूच टेबलावर ठेवला.

ही गोष्ट एकाहत्तर सालची. साखर कारखान्यांचे बॉयलर तपासण्यात उमेदीची बारा वर्षं घालवून मी, खोपकर, बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून तीन वर्षांच्या करारावर झांबियात गेलो होतो. लुसाकाच्या आमच्या कचेरीनं मला नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातल्या सिलोंगा नावाच्या गावी धाडलं ते एकाच कामासाठी. तिथल्या लाकूड कंपनीची जंगलात जाणारी स्वतःची रेल्वे होती, आणि तिच्यावर इंग्रजांच्या काळातलं, सातव्या वर्गाच्या घडणीचं एक शेवटचं इंजिन अजून धावत होतं. नंबर अकरा. कंपनीला रेल्वे मोडून लॉऱ्या घ्यायच्या होत्या, म्हणून इंजिन रद्द झाल्याचा सरकारी कागद हवा होता. "पंचाहत्तर वर्षांचा बॉयलर आहे, खोपकर. त्यात बघायचं काय? कागद उरका आणि शुक्रवारी परत या," असं आमचे मोठे साहेब म्हणाले होते. मीही मान डोलावून निघालो होतो.

लिस्वानिसो त्या इंजिनाचे ड्रायव्हर. एकतीस वर्षं हेच इंजिन, दुसऱ्याला हात लावलेला नाही. इंजिनाला ते 'ती'च म्हणत. इंजिन गेलं की त्यांचं काम संपणार होतं, आणि वर 'देखभाल अपुरी' हा शेरा त्यांच्याच सहीनिशी कायमचा दप्तरात राहणार होता. हे सगळं मला कळत होतं. शुक्रवारची गाडी चुकू नये हेही कळत होतं.

"काल तुम्ही हातोडीनं तपासलंत," ते म्हणाले.

"तपासलं."

"काय ऐकू आलं?"

इथं माझी पंचाईत झाली. इंजिनाच्या भट्टीला दोन भिंती असतात, आत तांब्याची, बाहेर पोलादाची. मधे पाणी. या दोन भिंतींना शेकडो छोटे बोल्ट एकमेकींशी बांधून ठेवतात. तपासनीस आत शिरून एकेक बोल्ट हातोडीनं ठोकतो. शाबूत असेल तो खणकतो, तुटलेला बद्द बोलतो. माझ्या कानाची ख्याती पार कोल्हापूरपर्यंत होती आणि ती बरीचशी मीच पसरवली होती. आदल्या दिवशी दोन तास कंबर मोडेपर्यंत वाकून मी प्रत्येक बोल्ट ठोकला होता. एकही बद्द बोलला नव्हता.

"आवाज ठीक होता," मी म्हणालो. "पण वय बघा की तिचं."

"वय लिहा. वयाबद्दल माझं भांडण नाही. म्हातारी वयानं गेली असं लिहिता येतं. घरच्यांनी उपाशी ठेवली म्हणून गेली, असं लिहू नये."

मी पेनाशी चाळा करत बसलो. ते थोडे पुढे वाकले. खोपकर हे नाव त्यांच्या जिभेवर कोपाका होई.

"मिस्टर कोपाका, तुम्ही तिला थंड पाहिलंत. एकदा वाफेवर असताना बघा. मग काय लिहायचं ते लिहा."

"बघू," मी म्हणालो.

म्हणजे इंग्रजीत म्हणालो, 'वी विल सी'. पण मनात होतं ते आपलं मराठी 'बघू'. वर्गणी मागायला आलेल्यांना म्हणतो ते, मुलानं सायकल मागितली की म्हणतो ते. आपल्याकडं 'बघू' ऐकलं की शहाणा माणूस चपला शोधायला लागतो. लिस्वानिसोंचा चेहरा मात्र एकदम खुलला. त्यांनी तळवे जुळवून हलक्या दोन-तीन टाळ्या वाजवल्या. लोझी लोकांची आदर दाखवायची ही रीत आहे. "एनी, शा," ते म्हणाले, म्हणजे 'होय, साहेब', आणि टोपी घालून निघून गेले. सही राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विश्रामगृहाच्या पडवीत दाढी करत होतो. अर्ध्या गालावर फेस असताना अगदी कानाशी शिट्टी झाली आणि वस्तरा थोडक्यात चुकला. समोर, झाडांपलीकडच्या रुळांवर, अकरा नंबर उभं होतं. धुराड्यातून पातळ धूर निघत होता. फायरमन सिताली उड्या मारत पायऱ्या चढून आला. चाळिशीचा, पुढचा एक दात पडलेला आणि तो दाखवायची भारी हौस असलेला गडी.

"ड्रायव्हर विचारतायत, साहेब निघायचं का?"

"कुठं?"

"जंगलात. लाकूड आणायला. तुम्ही बघणार म्हणालात ना? त्यांनी सगळ्या गावाला सांगितलंय, इन्स्पेक्टर साहेबांनी शब्द दिलाय म्हणून."

शब्द! इतक्या वर्षांत माझ्या 'बघू'चा एवढा मान कुणीही ठेवला नव्हता, माझ्या बायकोनं तर नाहीच नाही. आता नाही म्हणायला तोंड राहिलं नाही. मी उरलेली दाढी कशीबशी उरकली आणि इंजिनावर चढलो.

खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मी कामावरचा बॉयलर जवळून पाहिलाच नव्हता. आमचा धंदाच तसा. आधी आग विझवायची, पाणी काढायचं, सगळं गार करायचं, मग इन्स्पेक्टर येणार. तपासणीच्या दिवशी शेडमध्ये हेच इंजिन मला एक काळं, थकलेलं धूड वाटलं होतं. आज त्याच्या अंगात ऊब होती. कुठल्या कुठल्या सांध्यातून बारीक सूं सूं ऐकू येत होतं, पायाखालची लोखंडी पाटी थरथरत होती. ग्लासगोच्या कारखान्याची पितळी पट्टी घासून लख्ख केली होती. तिच्यावर साल होतं १८९६.

"कुठं उभा राहू?" मी विचारलं.

"माझ्या मागं. कशाला हात लावू नका, सगळं तापलेलं आहे," लिस्वानिसो म्हणाले. आज ते साहेब होते आणि मी पाहुणा.

जाताना गाडी रिकामी होती, तेव्हा आम्ही मजेत गेलो. गाव मागं पडलं आणि रेती सुरू झाली. पांढरी, पिठासारखी रेती, त्यात ठिकठिकाणी उंच झाडं आणि मधून ते हलके, वाकडेतिकडे रूळ. आपल्या मीटर गेजपेक्षा चार बोटंच रुंद. खाली खडीचा पत्ता नाही. इंजिन आलं की रूळ खाली दबत आणि गेलं की वर येत. कंपनीनं एकदा उसनं डिझेल इंजिन आणून पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी ते रेतीत जे बसलं ते काढायला हेच अकरा नंबर गेलं, असं सितालीनं मला दोनदा सांगितलं.

"याचं काय गुपित?" मी विचारलं.

"गुपित कसलं? पुढं चार छोटी चाकं, ती वाट चाचपतात. मागं आठ मोठी, ती वजन वाटून घेतात. कुठल्याच एका चाकावर भार येत नाही. ज्यानं हे काढलं त्यानं आमची रेती कधी पाहिली नव्हती. पण डोकं होतं त्याला," लिस्वानिसो म्हणाले.

"आणि पुढं ते गवताचे झाडू बांधलेत ते? तेही ग्लासगोचे?"

"ते माझे. रेती रुळावर उडून येते. थोडी असली तर चाकाला पकड मिळते, जास्त झाली की चाक अडतं. म्हणून चाकापुढं झाडू. माझं लग्न झालं त्या वर्षी पहिले बांधले. दर दोन महिन्यांनी बदलतो."

"झाडू बदलतात," सिताली भट्टीत लाकडं सारत म्हणाला. "बायको तीच आहे."

"तिला सांगतो तू काय म्हणालास ते," लिस्वानिसो मागं न बघता म्हणाले, आणि सितालीचा पडका दात झाकला गेला.

जंगलाच्या तळावर चौदा वॅगनी भरून तयार होत्या. एकेक ओंडका दोन माणसांच्या कवेत न मावणारा. तिकडच्या लाकडालाही सागच म्हणतात, पण आपल्या सागाशी त्याचं काही नातं नाही, वजन मात्र दीडपट. त्या चौदा वॅगनी बघून मला वाटलं, आता म्हातारीचं पितळ उघडं पडणार. आणि गंमत अशी की तसं होऊ नये असंही वाटलं.

परतीच्या वाटेवर चार मैलांचा चढ आहे. चढ म्हणजे डोंगर नव्हे, रेतीची लांबच लांब पाठ. इंजिनाचा वेग उतरत उतरत माणसाच्या चालीवर आला. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या दोन बायका रुळाकडेनं चालत होत्या, त्या आम्हाला मागं टाकून पुढं गेल्या आणि वर हातही हलवला. मी घामाघूम झालो होतो. लिस्वानिसो मात्र वाफ कमीजास्त करणाऱ्या रेग्युलेटरच्या दांड्यावर एक हात ठेवून, डोळे अर्धे मिटून उभे होते.

"काटा कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"एकशेसाठवर," मी वाफेचा दाब बघून सांगितलं.

"चढ सुरू झाला तेव्हा?"

"एकशेसाठच."

"आता आवाज ऐका. तुमचा कान चांगला आहे म्हणे."

धुराड्यातून वाफेचे ठोके पडत होते. चाकाच्या एका फेऱ्याला चार. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. मी कान लावला. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी खोट शोधत होतो, कुठं एखादा ठोका दबका, कुठं एखादा उशिरा. अर्धा तास शोधली. चारही ठोके शेवटपर्यंत सारखे पडले. पंचाहत्तर वर्षांचं यंत्र, हजारो मैलांवरच्या कुण्या कारागिरांनी घडवलेलं, आणि समोरच्या या माणसानं एकतीस वर्षं एकाही ठोक्याला मागं पडू दिलं नव्हतं. मला भरून आलं. डोळ्यांत धूर गेला असं मी सितालीला सांगितलं.

माथ्यावर पोचल्यावर लिस्वानिसोंनी दांडा थोडा मागं घेतला.

"बघितलंत?" त्यांनी विचारलं.

"बघितलं," मी म्हणालो.

चार वाजता आम्ही सिलोंगाला परतलो. मी हातपाय न धुताच टेबलाशी बसलो. कालचा फॉर्म फाडला. वापरण्यास योग्य ठरलेल्या बॉयलरचा फॉर्म काढला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'एक वर्षासाठी योग्य. स्थिती उत्तम.' खाली सही ठोकली. लुसाकाच्या साहेबांना काय सांगायचं याची दोन-तीन वाक्यंही मनात जुळवली. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आपण एक चांगलं काम करतोय असं मला फार दिवसांनी वाटत होतं.

दारात लिस्वानिसो आले. टोपी काखेत.

"या, या!" मी कागद त्यांच्या हातात दिला. "वाचा."

त्यांनी वाचला. 'उत्तम' या शब्दावर थांबले, ओठ हलवून तो पुन्हा वाचला. मग कागद होता तसा परत ठेवला.

"जरा खाली येता?" ते म्हणाले.

इंजिन शेडबाहेर उभं होतं. सिताली पलीकडं टाकीतून इंजिनामागच्या टेंडरमध्ये पाणी भरत होता. लिस्वानिसोंनी मला भट्टीच्या डाव्या बाजूला नेलं. त्यांच्या हातात सायकलच्या चाकाची एक तार होती. त्या प्रत्येक बोल्टच्या बाहेरच्या टोकाला सुईएवढं भोक असतं. बोल्ट आत तुटला की त्या भोकातून वाफ बाहेर येते, म्हणजे बोल्ट स्वतःच आपली चहाडी सांगतो. भोक काजळीनं बुजलं तर मात्र काही कळत नाही. लिस्वानिसो रोज काम संपल्यावर ती सगळी भोकं सायकलच्या तारेनं साफ करत. रोज, शेकडो भोकं.

"चौथी रांग," ते म्हणाले.

चौथ्या रांगेत, शेजारशेजारच्या दोन भोकांतून वाफेचे दोन बारीक धागे निघत होते.

"सकाळी?"

"सकाळी कोरडी होती. चढानंतर कधीतरी झालं."

एक बोल्ट तुटला तर नवा बसवता येतो. शेजारचे दोन तुटले तर नियम स्पष्ट आहे. तिथला पत्रा थकलेला असतो. आग तिथल्या तिथं काढायची, आणि भट्टीची तांब्याची भिंत नवी घातल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही. सातव्या वर्गाची तांब्याची भट्टी बनवणारा आता जगात कुणी उरला नव्हता. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

मी आजूबाजूला पाहिलं.

"सितालीनं बघितलंय?"

"नाही. मी, आणि आता तुम्ही."

पुढं मी जे बोललो ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. "मग मी पाहिलं नाही," मी म्हणालो. "मी सही केली तेव्हा भोकं कोरडी होती. दोन्ही बोल्ट उद्या बदलून टाका. चढाला वॅगनी कमी जोडा. वर्षभर निघेल. ती चालली पाहिजे, मिस्टर लिस्वानिसो. असं इंजिन मी जन्मात पाहिलेलं नाही."

त्यांनी वाकून त्या दोन धाग्यांकडं पुन्हा पाहिलं. मला वाटलं, विचार करतायत. हो म्हणतील असंही वाटलं.

"काल तुम्ही तिच्या विरुद्ध खोटं लिहीत होतात," ते म्हणाले. "आज तिच्या बाजूनं खोटं लिहिताय. खरं कधी लिहिणार?"

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मी एकतीस वर्षं रोज संध्याकाळी ही भोकं बघतो," ते तितक्याच शांतपणे बोलत होते. "कशासाठी बघतो? एक दिवस हे दिसेल, म्हणूनच ना? आज दिसलं. आणि आजच मी पाहिलं नाही म्हणू? मग आधीच्या एकतीस वर्षांत मी काय केलं? उद्या या पाटीवर माझ्या मागं सिताली उभा असेल. त्याला चार मुलं आहेत."

'देखभाल' हा शब्द मी आयुष्यभर लिहीत आलो होतो. त्यात 'देखणं' आहे, डोळ्यांना जे दिसेल ते पत्करणं आहे, हे मला एका परक्या भाषेतल्या माणसानं शिकवलं.

त्यांनी सितालीला हाक मारली आणि लोझीत दोन वाक्यं सांगितली. सितालीच्या हातातला पाण्याचा नळ तसाच वाहत राहिला. तो आग काढायला पुढं झाला, तर त्याला बाजूला करून लिस्वानिसो स्वतः वर चढले. लांब फावड्यानं त्यांनी भट्टीतले निखारे खालच्या खड्ड्यात ओढले, एकही मागं न ठेवता. दाबाचा काटा उतरत गेला. ते दोन धागेही बारीक होत होत दिसेनासे झाले.

मग आम्ही दोघं माझ्या टेबलाशी गेलो. मी तो दुसराही कागद फाडला आणि रद्द करायचा कोरा फॉर्म घेतला. छापील ओळीवर पेनानं आडवी रेघ मारली, पुन्हा एक मारली, आणि वर हातानं लिहिलं: 'काम संपल्यावरच्या रोजच्या तपासणीत शेजारचे दोन बोल्ट तुटल्याचं चालकाच्या लक्षात आलं. चालकानं स्वतः आग काढली. बॉयलर वयामुळे अयोग्य. देखभालीत कोणतीही उणीव नाही.'

छापील ओळ खोडण्याचा मला अधिकार नव्हता. त्यावरून पुढं लुसाकाला माझी चांगली हजेरी घेतली गेली आणि करार संपल्यावर मुदतवाढ मिळाली नाही. भारतात परतल्यावर मी आणखी एकोणीस वर्षं बॉयलर तपासले. 'कोणतीही उणीव नाही' हे शब्द मी पुन्हा कधी लिहिले नाहीत. लिहावेत असं दुसरं इंजिन आणि दुसरा माणूस भेटला नाही.

लिस्वानिसोंनी अहवाल दोनदा वाचला. मग खिशातून चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचला. पेन मागून घेतलं आणि पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सावकाश लिहिलं. खाली शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. सही झाली तसे ते उठले, टोपी घातली आणि येताना दाराशी ठेवलेली तेलाची बुधली उचलली.

"आता कुठं?" मी विचारलं.

"तेल घालायला. सांधे पुसायचे आहेत, पितळ घासायचं आहे."

"अहो, पण आता कशाला? आता ती कुठं जाणार आहे?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू हे मला विचारावं लागलं याचंच त्यांना नवल वाटत होतं.

"तुम्ही उणीव नाही असं लिहिलंत आणि खाली आजची तारीख घातलीत," ते म्हणाले. "आजचं तेलपाणी अजून व्हायचंय."

आणि ते शेडकडं चालू लागले.